मोठ्या इंजिनाला काम द्या

इंजिन मोठं म्हणून गाडी पेट्रोल पिते, असं आपण सगळेच धरून चालतो. जुन्या अमेरिकन व्ही-8 गाड्यांच्या बाबतीत तर हा समज इतका पक्का आहे, की लिटरला चार-पाच किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज मिळालं तरी मालक ते नशिबाचा भाग म्हणून सोडून देतो. पण यातला बराचसा दोष इंजिनाच्या आकाराचा नसतो. ते इंजिन रस्त्यावर जवळजवळ बसून असतं, आणि बसून असलेल्या इंजिनालाही खायला लागतंच. त्याला पुरेसं काम मिळेल अशी व्यवस्था केली आणि आत जाणारं पेट्रोल वेळेवर आणि पूर्ण जळेल हे पाहिलं, तर हायवेवर पाचाचे सात होणं ही अवास्तव अपेक्षा नाही.

आपल्याकडे सगळ्यांना नावाने तरी माहीत असलेली गाडी घेऊ: 1970 सालची शेवरोले इम्पाला. तिचं एक सर्रास मिळणारं इंजिन 350 घनइंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं होतं. चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरसह कंपनी त्याची ताकद 300 अश्वशक्ती सांगायची. हा आकडा उघड्या इंजिनावर मोजलेला असे. सायलेन्सर, एअर क्लीनर, अल्टरनेटर वगैरे लावून गाडीत बसवल्यावर उरायची ती दोनशेच्या आसपास. आता ही गाडी माणसं-सामान धरून दोन टनांच्या घरात भरते, आणि सपाट रस्त्यावर ताशी 90 किलोमीटरने धावताना तिला लागतात फक्त 25 ते 30 अश्वशक्ती. बाकीची ताकद नुसती बसलेली.

पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची तर हवेची वाट अडवावी लागते. कार्ब्युरेटरच्या तळाशी थ्रॉटलची पाकळी असते, ती जवळजवळ मिटलेली राहते. खाली पिस्टन हवा ओढायला बघतात, वरून वाट बंद. सिरिंजच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या ओढून पाहिला की हाताला जो जोर लावावा लागतो, तोच जोर प्रत्येक पिस्टनला दर वेळी लावावा लागतो. आठ सिलिंडर आणि मिनिटाला 2500 फेरे धरले, तर हे ओढणं मिनिटाला दहा हजार वेळा होतं. त्यात आठ पिस्टनांच्या रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, तेलाचा आणि पाण्याचा पंप यांचं घर्षण मिळवा. गाडी 30 अश्वशक्तीवर चालो की 200 वर, हा वरखर्च फेऱ्यांच्या हिशोबाने होतच राहतो. काम थोडं असलं की त्याचा वाटा फार मोठा दिसतो. मोठ्या इंजिनाचं दुखणं हेच, आणि उपायही इथेच आहे: फेरे कमी करायचे, पाकळी जास्त उघडू द्यायची.

अमेरिकन कारखान्यांना हे माहीत नव्हतं असं नाही, पण पेट्रोल स्वस्त असताना कोणाला पडली होती? 1973च्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बाराच्या घरात गेला. जानेवारी 1974 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी हायवेवर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 89 किलोमीटरची वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. 1975 सालच्या कायद्याने कंपन्यांवर सरासरी अ‍ॅव्हरेजचं बंधन आलं: 1978 साली गॅलनला 18 मैल, 1985 पर्यंत 27.5.

त्या धावपळीत कॅडिलॅकने 1981 साली जे केलं, ते मला आजही फार धाडसाचं वाटतं. सहा लिटरच्या व्ही-8 मध्ये त्यांनी रॉकरवर विजेची सोलेनॉइडं बसवली. हलकं काम असलं की दोन किंवा चार सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडायचेच नाहीत. आठाचे सहा, सहाचे चार. उरलेल्या सिलिंडरांना तेवढंच काम करायचं म्हणजे थ्रॉटल जास्त उघडावं लागणार. कल्पना अगदी बिनचूक होती. तिला सांभाळणारा संगणक मात्र त्या काळाचा, मंद. आठावरून सहावर जाताना गाडी हिसके द्यायची. वैतागलेल्या मालकांनी ती यंत्रणा तोडून गाड्या कायमच्या आठ सिलिंडरांवर चालवल्या, आणि कंपनीने वर्षभरातच बहुतेक मॉडेलांतून ती काढून टाकली. पुढे 2000 नंतरच्या दशकात जनरल मोटर्सने हीच कल्पना परत आणली, तेव्हा ती नीट चालली.

गियरनेही हेच काम साधतं, आणि त्याचा उत्तम दाखला 1997च्या कॉर्व्हेटचा आहे. इंजिन पुन्हा 5.7 लिटरचंच, म्हणजे इम्पालाएवढंच. तिच्या सहा गियरच्या गिअरबॉक्समध्ये सहावा गियर 0.50 चा होता: इंजिनाचा एक फेरा झाला की पुढच्या शाफ्टचे दोन. तेव्हाच्या सरकारी चाचणीत ती हायवेवर गॅलनला 28 मैल, म्हणजे लिटरला सुमारे 12 किलोमीटर गेली. तिचं इंजिन अर्थातच आधुनिक, इंजेक्शनचं, आणि गाडी हलकी, वारा कापणारी; जुन्या इम्पालाला तो आकडा कधीच गाठता यायचा नाही. पण 5.7 लिटर म्हटलं की लिटरला पाच किलोमीटर ठरलेलेच, असं म्हणायला मग जागा उरत नाही.

इम्पालाच्या जुन्या टर्बो हायड्रामॅटिक गिअरबॉक्सला तीनच गियर, आणि तिसरा सरळ एकास एक. मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण 3.36 असेल, तर ताशी 100 ला इंजिन 2550च्या आसपास फिरतं. 1982च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने 700आर4 नावाचा चार गियरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्याचा चौथा गियर 0.70 चा. तोच वेग, तीच गाडी, पण इंजिन सुमारे 1780 वर येतं. शिवाय याच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये लॉक होणारा क्लच असतो. जुन्या कन्व्हर्टरमध्ये तेलाच्या घसरणीत जे काही टक्के फेरे वाया जायचे तेही वाचतात. त्याच्या वर्षभर आधी आलेला 200-4आर हा भाऊ 0.67 चा. इंजिनाला जोडणाऱ्या त्याच्या घंटेसारख्या तोंडावर शेवरोलेबरोबर ब्यूक, ओल्ड्समोबिल, पाँटिअ‍ॅक, कॅडिलॅकच्या इंजिनांना जुळणारी भोकं असतात, म्हणून जनरल मोटर्सच्या कुटुंबातल्या या गाड्यांना तो जास्त सोयीचा पडतो.

काम सोपं नाही. प्रॉपेलर शाफ्टची लांबी पाहावी लागते, स्पीडोमीटरचा गियर बदलावा लागतो. सगळ्यात नाजूक भाग म्हणजे कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल. रेस किती दिली आहे हे गिअरबॉक्सला तीच सांगते आणि त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. ती एखाद्या सैल बोल्टावर अंदाजाने ताणून ठेवली तर नवाकोरा गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत जळतो. आणि अ‍ॅक्सलचं प्रमाण आधीच 2.73 असेल तर मी ओव्हरड्राइव्हच्या नादी लागणार नाही. फेरे इतके खाली जातात की इंजिन चढाला धापा टाकतं आणि गियर सारखा खाली-वर होत राहतो.

मात्र गिअरबॉक्सचा खर्च करण्याआधी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर पाहायला हवा. जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त फुकट जाणारं पेट्रोल इथे जातं, आणि सगळ्यात कमी पैशात इथेच वाचतं.

हलक्या कामावर सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं असतं, विरळ असतं, आणि त्यात मागच्या वेळचा जळलेला धूर मिसळलेला असतो. असं मिश्रण सावकाश पेटतं. दाबाचा जोर पिस्टन माथ्यावरून जरासा खाली उतरल्यावर मिळायला हवा असेल, तर ठिणगी बरीच आधी पडली पाहिजे. पूर्ण रेस दिल्यावर या इंजिनाला 34-36 अंश अ‍ॅडव्हान्स पुरतो. आरामात चालताना त्याला 45 ते 50 अंश हवा असतो. मधले 12-15 अंश देण्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला पत्र्याची एक चपटी डबी असते, आत रबराचा पडदा. इंजिनाच्या व्हॅक्यूमने पडदा ओढला जातो, दांडी सरकते, आतली प्लेट फिरते आणि ठिणगी अलीकडे येते. पन्नास वर्षांनी तो पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. कित्येक गाड्यांत तर ती नळीच काढून तोंडाला स्क्रू ठोकलेला दिसतो, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की रेसच्या गाड्यांना ही भानगड नसते. ते खरं आहे, पण रेसची गाडी थ्रॉटल पूर्ण उघडूनच चालते, तिथे व्हॅक्यूम नसतोच. शिवाय 1970 पासून प्रदूषणाच्या नियमांसाठी कंपनीनेच खालच्या गियरमध्ये हा व्हॅक्यूम तोडणारी स्विचं बसवली होती; त्यातली अर्धी आज कायमची अडकलेली असतात.

तपासायची रीत जुने मिस्त्री वापरतात तीच चांगली. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, नळी तोंडात धरून ओढायची आणि जिभेचं टोक लावून धरून ठेवायची. आतली प्लेट सरकून तिथेच थांबली तर पडदा शाबूत. सरकून हळूहळू परत आली, किंवा हललीच नाही, तर डबी बदलायची. त्यानंतर टायमिंग लाइट लावून अंश मोजायचे. नळी कार्ब्युरेटरच्या कुठल्या तोंडाला जोडावी यावर जाणकारांची भांडणं होतात, पण तो वाद फक्त आयडलिंगपुरता आहे. चालत्या गाडीत दोन्ही तोंडांना सारखाच व्हॅक्यूम मिळतो. एवढी काळजी घ्यायची, की चढावर इंजिन नॉक करायला लागलं तर दोन-तीन अंश मागे यायचं. नॉकिंग चालू ठेवून वाचवलेलं पेट्रोल पिस्टनच्या किमतीत जातं.

मग कार्ब्युरेटर. शेवरोलेवर 1965 पासून दिसणारा रॉचेस्टर क्वाड्राजेट पुष्कळ मिस्त्रींना आवडत नाही. तो काढून साधा होली बसवण्याकडे कल असतो. मला तो फार हुशार कार्ब्युरेटर वाटतो. त्याच्या चार नळ्या सारख्या नाहीत. पुढच्या दोन अवघ्या 35 मिलिमीटरच्या, मागच्या दोन 57च्या. रोजचं चालणं लहान नळ्यांवर होतं, हवा तिथून वेगाने जाते आणि पेट्रोलचे थेंब बारीक फुटतात. मागच्या दोन मोठ्या नळ्या पाय जोरात दाबला तरच उघडतात. पुढच्या जेटमध्ये पितळेच्या निमुळत्या काड्या लोंबतात. आरामात चालताना व्हॅक्यूम त्यांना खाली ओढून धरतो, काडीचा जाड भाग जेट अडवतो, पेट्रोल कमी जातं. ओव्हरटेक करताना व्हॅक्यूम पडला की स्प्रिंग काड्या वर उचलते, बारीक टोक जेटमध्ये येतं आणि मिश्रण जाड होतं. गंजाने किंवा कचऱ्याने हा लहानसा पिस्टन वरच अडकला, तर गाडी जन्मभर ओव्हरटेक करत असल्यासारखी पेट्रोल ओतत राहते. प्लग काळे, धूर काळा, आणि दोष इंजिनाच्या नावावर.

याचा फ्लोट हलक्या फेसाळ प्लास्टिकचा असतो आणि वर्षानुवर्षं पेट्रोल शोषून तो जड होतो. जड फ्लोट उशिरा उचलतो, पातळी वर राहते, पेट्रोल जास्त जातं. डोळ्यांना काही दिसत नाही. तो सोनाराच्या काट्यावर तोलायचा आणि नव्याच्या वजनाशी ताडून पाहायचा, हाच खात्रीचा मार्ग. पेट्रोलच्या वाडग्याच्या तळाला असलेली बुचंही झिरपतात. रात्रभरात पेट्रोल खाली मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लावते.

हे सगळं झालं की जेट बदलून मिश्रण बेतायचं. पूर्वी हे प्लगच्या रंगावरून चालायचं. आता सायलेन्सरच्या पाइपला एक तोंड वेल्ड करून ऑक्सिजन सेन्सर बसवता येतो आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण डॅशबोर्डवर चालत्या गाडीत वाचता येतं. शुद्ध पेट्रोलचं पूर्ण ज्वलनाचं प्रमाण 14.7 ला एक. आरामात चालताना 15 ते 16, पूर्ण रेसवर साडेबारा-तेरा, हे साध्य करण्यासारखं आहे. त्याहून विरळ करायला गेलात तर इंजिन मिस मारतं, अ‍ॅव्हरेज उलट घटतं. इंजेक्शन किट बसवावं का, असं बरेच जण विचारतात. नीट लावलेला क्वाड्राजेट सपाट रस्त्यावर त्याच्या फार मागे राहत नाही. इंजेक्शनचा खरा फायदा थंड इंजिनावर आणि घाटात. महाबळेश्वरला, सुमारे 1350 मीटरवर, हवा विरळ होते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही आणि मिश्रण आपोआप जाड होतं. इंजेक्शन ते सावरून घेतं.

बाकीची कामं थोडक्यात. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर परत बसवा. आपल्याकडे गरम होते म्हणून तो काढायची वाईट पद्धत पडली आहे, आणि गार इंजिन पेट्रोल जास्त खातं. ऑटोमॅटिक चोक गरम झाल्यावर पूर्ण उघडतो का ते पाहा. जॅकवर चाकं हाताने फिरवून ब्रेक धरतायत का तपासा. रेडियल टायर लावा आणि हवा कमी ठेवू नका. पेट्रोलच्या नळीवर लावायची चुंबकं आणि हवा घुसळणारी पाती विकत घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने शंभरावर असली उपकरणं तपासली आणि अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही तिला सापडलं नाही.

एका वस्तूची मात्र मी आवर्जून शिफारस करीन: डॅशबोर्डवर व्हॅक्यूमचा काटा. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला 17 ते 21 इंच दाखवतं आणि पूर्ण रेसवर शून्याजवळ जातं. तोल साधायचा तो काड्यांचा: वेग पकडताना पाय असा ठेवायचा की काटा आठ-दहा इंचांच्या खाली घसरू नये, म्हणजे कार्ब्युरेटर जाड मिश्रणाकडे वळत नाही. मग शक्य तितक्या लवकर वरच्या गियरला जायचं आणि वेग बेताचा ठेवायचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. या चौकोनी, रुंद गाडीला 90 वरून 110 वर नेलं, की दर किलोमीटरला लागणारं बळ सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाढतं. निक्सन यांच्या कायद्यावर अमेरिकन ड्रायव्हर चिडले असतील, पण त्यातलं भौतिकशास्त्र बरोबर होतं.

खर्च वसूल होतो का, हा प्रश्न येतोच. लहान गाडीचं अ‍ॅव्हरेज 18 वरून 20 केलं, तर शंभर किलोमीटरमागे अर्धा लिटरच्या थोडं वर वाचतं. इम्पालाचे पाचाचे सात केले, तर 20 लिटरचे 14.3 होतात, पावणेसहा लिटर वाचतात. वाढ दोन्हीकडे दोनच किलोमीटरची, बचत मात्र दहापट. खादाड गाडीवर केलेली मेहनत म्हणूनच जास्त फळते. वर्षाला शेकड्यात किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तरीही नवा गिअरबॉक्स परवडणार नाही. तिला टायमिंग, फ्लोट आणि जेट पुरे.

दुसरी वाट आपल्याकडे आणि क्यूबात सर्रास चोखाळली गेली: मूळ इंजिन काढून डिझेल बसवायचं. हवानाच्या रस्त्यांवर पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या आजही अशाच धावतात. तिथे सुटे भाग आणि पेट्रोल दोन्हींची टंचाई. तो पोटापाण्याचा मार्ग होता, त्याला नावं ठेवणार नाही. आपल्याकडेही डॉज, प्लायमाउथ, शेवरोले डिझेलवर आल्या आणि त्यांची मूळ इंजिनं भंगारात गेली. 1928 पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती, स्वातंत्र्यानंतर प्रीमियरने कुर्ल्यात डॉज-प्लायमाउथ जोडल्या. या शहराच्या इतिहासाचा तो तुकडा आहे. आता जिच्यात मूळ इंजिन शिल्लक आहे, तिच्यातून ते काढणं मला अजिबात पटत नाही.

महाराष्ट्रात जुनी गाडी ठेवणाऱ्याला सध्या आणखी एक हिशोब करावा लागतो, तो ई20 पेट्रोलचा. यातला पाचवा हिस्सा इथेनॉल, आणि त्यात आपल्या साखर कारखान्यांच्या उसाचा मोठा वाटा. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून ई20च्या लिटरमागे सुमारे सात टक्के ऊर्जा कमी मिळते. तेवढी घट कुठल्याही ट्यूनिंगने भरून येत नाही. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने पूर्ण ज्वलनाचं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेला कार्ब्युरेटर यावर विरळ पडतो: पिकअप अडखळतो, इंजिन तापतं. क्वाड्राजेटच्या पुढच्या जेटांवर त्यांचा व्यास इंचाच्या हजारांशांत कोरलेला असतो. 70 असेल तिथे 72 लावून सेन्सरवर पाहायचं. जमेची बाजू अशी, की इथेनॉल नॉकिंग रोखतं. साठीच्या दशकातल्या दहाच्या वरच्या कॉम्प्रेशनच्या इंजिनांना त्यामुळे टायमिंगचे ते दोन-तीन अंश परत देता येतात. जुन्या रबरी नळ्या आणि कॉर्कची गॅस्केटं मात्र इथेनॉलपुढे टिकत नाहीत, ती आधीच बदललेली बरी. आणि पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर इथेनॉल हवेतलं पाणी शोषून टाकीच्या तळाला वेगळं होऊन बसतं. अशा वेळी उभी करण्याआधीच टाकी आणि कार्ब्युरेटरचा वाडगा रिकामा करून ठेवावा.